रिबिलिकच्या दारापर्यंत

"हे काय मेलंय इथं?" तंबूचं दार वर करून रिगझिननं विचारलं आणि तो उंबऱ्यावरच थांबला.

मी पार्सल उघडून बसले होते. मेलेलंच होतं, पण फार पूर्वी आणि मालवणात. आईनं पाठवलेले खारे बांगडे, चांगले चौदा. जुन्या चादरीच्या पिशवीत शिवलेले, वर तिच्या वळणदार अक्षरात माझं नाव. मुंबई, दिल्ली, लेह असा सव्वा महिना प्रवास करून ते हानलेच्या पलीकडं आमच्या तंबूत पोचले होते. मी पिशवीची शिवण उसवली आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा मला घरी आल्यासारखं वाटलं. डोळ्यांत पाणीही आलं. वासानंही आलं असेल.

रिगझिन मात्र आत येईना. हा माझा सहकारी, वाटाड्या आणि खरं सांगायचं तर गुरू. चाळिशीचा, बुटका, अंगात सदैव मेंढीच्या कातड्याचा कोट. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या चांगपा लोकांतला. आम्ही आपसात मोडक्या हिंदीत बोलायचो, त्याची माझ्याहून बरी होती. तो म्हणाला, हे तंबूत नको, डब्यात घालून खाली ओढ्यापलीकडं दगडाखाली ठेवा, आणि हात धुरात धरा. आणि खरंच त्यानं शुक्पाच्या, म्हणजे तिकडच्या सुगंधी झुडपाच्या, वाळक्या डहाळ्या पेटवल्या आणि मला हात पुढं करायला लावलं. त्यांच्या घरची ती रीत होती. शेळ्या विण्याच्या दिवसांत ज्यानं मांस हाताळलं असेल, त्यानं हातांना हा धूर दिल्याशिवाय करडांच्या कुंपणाकडं फिरकायचं नाही.

मी थट्टा केली, आमच्याकडं बांगड्यालाच धुरी देतात म्हटलं. तो हसला नाही.

"हाताबरोबर कोण येतं ते हाताला कळत नाही, हेमांगी-ले," नावाला त्यांचा आदराचा 'ले' जोडून तो म्हणाला.

हे सगळं एकोणीस वर्षांपूर्वीचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि पुण्याच्या एका संस्थेतर्फे मनुल नावाच्या रानमांजराच्या मागं साडेचौदा हजार फुटांवर आले होते. तिकडचे लोक तिला रिबिलिक म्हणतात. आकारानं आपल्या घरच्या मांजराएवढीच, पण केस इतके दाट की दुप्पट दिसते. तोंड चपटं, कान खाली बाजूला बसवल्यासारखे, पाय आखूड. त्या पायांनी तिला धड पळता येत नाही. संकट आलं की ती जिथं असेल तिथं पोट जमिनीला लावून दगड होते. तुम्ही दहा पावलांवरून जाल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. तिचं सगळं शहाणपण त्या न हलण्यात आहे.

अशी एक मादी रिगझिननं मे महिन्यात शोधून काढली होती. तंबूपासून पाऊण तासावर तांबड्या कातळांची एक घळ होती, तिथं एका जुन्या बिळात ती व्यायली होती. चार पिल्लं. मी एकदाच लांबून, दुर्बिणीतून, त्यांना उन्हात एकमेकांच्या अंगावर पडताना पाहिलं आणि त्या क्षणापासून माझी झोप उडाली. त्या भागात पिल्लांसह मनुलचा स्वच्छ फोटो तोवर कुणी काढलेला नव्हता. तो मला काढायचा होता, मलाच, आणि सगळ्यांच्या आधी.

पाऊण तास मी म्हटलं, पण तो सरळ वाटेनं. रिगझिनबरोबर अडीच तास लागायचे. तो एका वाटेनं दोनदा कधी जायचा नाही. आज या धारेवरून, उद्या त्या घसरणीवरून, आणि मध्ये अर्धा मैल बर्फाच्या पाण्याच्या ओढ्यातून, बूट गळ्यात अडकवून. माझे पाय लाकडासारखे व्हायचे आणि मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार मालवणीत करायचे. त्याला ते कळायचं असं मला आता वाटतं.

हा सगळा खटाटोप कुत्र्यांमुळं. खाली रस्त्याच्या कामावर मजुरांची वस्ती पडली होती. दोन वर्षं तिथल्या उष्ट्यावर कुत्री पोसली. काम संपलं, माणसं गेली, कुत्री राहिली. मग ती वर सरकू लागली. त्या उन्हाळ्यात त्यांनी रिगझिनच्या मेव्हण्याची अकरा कोकरं मारली होती आणि पाणी आणायला गेलेल्या एका म्हातारीची मांडी फाडली होती. लांडग्याचं पोट भरलं की तो जातो, ही जात नाहीत, असं रिगझिन म्हणायचा. रिबिलिकची पिल्लं त्यांना अजून सापडलेली नव्हती, कारण रिबिलिक स्वतःचा वास जपून ठेवते. आपण आपला जपला पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

पंचवीस जूनच्या आसपास तो चार दिवसांसाठी निघाला. शेळ्यांची पश्म, म्हणजे आतली मऊ लोकर, विंचरायचे दिवस होते आणि सासरी हात कमी होते. जाताना त्यानं मला दोनच गोष्टी सांगितल्या.

"मी येईपर्यंत घळीकडं जाऊ नका. आणि कुत्री समोर आली तर पळू नका. वाका आणि दगड उचला. माणसाच्या हातचं खाऊन वाढलीत ती, वाकलेल्या माणसाला भितात."

मी मान डोलावली. वाकलं की कुत्रं पळतं, हे मालवणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

त्याच दिवशी मी चालत गावात गेले आणि तिथल्या एकुलत्या एक फोनवरून आईशी बोलले. बांगडे पोचले म्हणून सांगितलं. मग रडगाणं सुरू केलं. बिळासमोर पाच कॅमेरे लावलेत, समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो, पण ती बया एकोणीस दिवसांत एकदाही नीट समोर आली नाही. एकदा शेपटीचं टोक, एकदा नुसता धुरकट डाग. पुण्याहून सर विचारतायत आणि दाखवायला माझ्याजवळ काही नाही. आईला यातलं किती कळलं कोण जाणे, पण तिच्याकडं उपाय तयार होता.

"मांजर तां मांजरच गो," ती म्हणाली. "तुमचे कॅमेरे बघूक कशाक येतलां तां? एक खारो बांगडो ठेव भायर, शेपटी वर करून येतलां."

मी हसले. फोन ठेवला. परत येताना वाटेत हसणं ओसरलं आणि तो बांगडा तेवढा डोक्यात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढ्यापलीकडून डबा आणला, दोन बांगडे ठेचले आणि पातेल्यात उकळले. वर पिवळट तेलाचा तवंग आला. ते पाणी बाटलीत भरलं आणि निघाले. सरळ वाटेनं. रिगझिन नव्हता, मग ओढ्यात पाय गोठवायला मला कुणी सांगितलं होतं? बिळापासून पंधरा पावलांवर एक सपाट दगड होता, कॅमेऱ्याच्या अगदी समोर. त्यावर मी पाणी ओतलं. थोडं माझ्या बुटांवर उडालं, ते मी वाळूत पुसलं.

तिथं झाड म्हणून नाही. वाऱ्याला अडवायला काही नाही आणि वासालाही नाही. हे मला माहीत होतं. एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती मनावर घेणं यात मी त्या आठवड्यात बरंच अंतर ठेवलं.

आईचं खरं निघालं. दुसऱ्या सकाळी गेले तर कॅमेऱ्यात ती होती. नाक पुढं, मिश्या ताठ, एक पाय उचललेला. फोटो हललेला होता, पण होती. मी एकटीच त्या घळीत तोंडावर हात दाबून नाचले. पुन्हा पाणी ओतलं, या वेळी ठेचलेली डोकीही ठेवली. येताना जाणवलं की त्या उतारावर आज फार शांत आहे. तिथं पायका म्हणून मुठीएवढे ससे असतात, मनुल त्यांच्यावरच जगते. माणूस दिसला की ते बिळाच्या तोंडाशी उभे राहून शिट्ट्या मारतात. मी रोज त्यांच्या शिव्या खात जायचे. त्या दिवशी एकही शिट्टी नाही. सगळे आधीच खाली गेलेले होते, माझ्या आधी कुणालातरी बघून.

मी ते वहीत लिहिलं. तारीख, वेळ, "पायका शांत". खाली प्रश्नचिन्ह काढलं आणि पातेलं चढवलं.

तिसऱ्या सकाळी मी उरलेले सगळे बांगडे उकळले. ठरवलं होतं की आज कॅमेऱ्यांच्या भरवशावर राहायचं नाही, आपण स्वतः बसायचं, मोठी लेन्स लावून. सहा वाजता निघाले. सूर्य नुकता धारेवर आला होता आणि तिरप्या उन्हात वाटेवरची माती नीट वाचता येत होती. माझ्या कालच्या बुटांचे ठसे ओळीनं पुढं चालले होते. त्यांतल्या एकात पंजा उमटला होता. माझ्या ठशाच्या वर, म्हणजे माझ्यानंतर.

मी खाली बसले. स्वतःला सांगितलं, कोल्हा.

कोल्ह्याचा पंजा मी त्या दोन महिन्यांत निदान शंभरदा मोजला होता. माझ्या चार बोटांखाली तो झाकला जायचा. मी बोटं ठेवली तर हा पंजा चारही बाजूंनी बाहेर उरला. पुढच्या ठशातही होता. त्याच्या पुढच्यात दोन होते. ते माझ्या पावलांवरून गेले होते आणि घळीच्या शंभर पावलं अलीकडं, जिथं मी काल बाटली खाली ठेवली होती, तिथं गोल फिरून परतले होते. तिथून मागं वळायला हवं होतं. रिगझिन दुपारपर्यंत येणारच होता. पण बाटली भरलेली होती, ऊन सोन्यासारखं होतं, आणि असं ऊन फार तर तासभर टिकतं. मी पुढं गेले. आजही कुणी विचारलं की तुझी चूक कधी झाली, तर मला ती जागा बोटानं दाखवता येईल.

दगडावर सगळी बाटली रिकामी केली आणि वीस पावलं मागं येऊन एका कातळाच्या कडेला बसले. पाठ मोकळ्या उताराकडं, तोंड बिळाकडं. वारा माझ्या पाठीमागून येत नव्हता, घळीतून माझ्याकडं येत होता. मी मनात म्हटलं, उत्तम, तिला माझा वास जाणार नाही. तो घळीतला वास माझ्यावरून पुढं कुठं जातो आहे, याचा विचार केला नाही.

ती बाहेर आली. आधी डोकं, मग सगळं अंग. एक पिल्लू मागोमाग आलं, तिनं त्याला पंजानं आत ढकललं. दगडापासून पाच-सहा पावलांवर ती थांबली, एकदा हुंगलं आणि मान वर केली. अगदी माझ्या दिशेनं. पिवळे डोळे, त्यांत गोल बाहुल्या, कपाळावर काळे ठिपके. मी बटण दाबलं. एकदा, दोनदा, सहादा. आनंदानं मला ओरडावंसं वाटत होतं.

मग ती बसत गेली. पोट जमिनीला लागलं, कान आडवे झाले, आणि ती दगड झाली. मला वाटलं, माझ्या कॅमेऱ्याचा आवाज ऐकला. मी लेन्समधून तिच्या डोळ्यांकडं नीट पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिची नजर माझ्या उजव्या खांद्यावरून मागं होती.

तेव्हा मला माझ्या मागं दगडावर नखं वाजल्याचं ऐकू आलं.

सात होती. पुढचं पिवळट, एक कान अर्धा तुटलेला. ते माझ्यापाशी आलं, माझे बूट हुंगले, एका बुटाची कड चाटली. त्याचा श्वास मला गुडघ्यावर लागला. बाकीची दोन्ही बाजूंनी पुढं निघाली, घाई न करता, ओळखीच्या घरी जावं तशी. दगडाशी ती थांबली. रिबिलिक तिथून पाच-सहा पावलांवर होती आणि अजूनही हलली नव्हती. हलली असती तर बिळाचं तोंड त्यांना दिसलं असतं.

माझ्या उजव्या हाताशी दगड होते. नारळाएवढे, लिंबाएवढे, हवे तसे. मला फक्त वाकायचं होतं. वाकून एक उचलायचा होता आणि ओरडायचं होतं. तेवढ्यानं सातही पळाली असती की नाही मला ठाऊक नाही, पण रिगझिन म्हणायचा पळतात, आणि रिगझिनचं तोवर काहीच खोटं ठरलेलं नव्हतं. मी वाकले नाही. मी भ्याले होते. त्या म्हातारीची मांडी माझ्या डोळ्यांपुढं होती. मी श्वाससुद्धा हळू घेत होते, की त्यांना मी इथं असल्याची आठवण होऊ नये.

दगड चाटून झाला. मग बिळातून एक पिल्लू चिवचिवलं.

त्यानंतर ती हलली. जिला पळता येत नाही ती बिळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि सगळे केस फुलवून, दात काढून, भुंकल्यासारखा एक आवाज काढत राहिली. तो मी कुठल्याही मांजराच्या तोंडून कधी ऐकलेला नव्हता. पेजेला आधण यायला लागतो तेवढा वेळ ती उभी होती. मग नव्हती. मग कुत्री बीळ उकरू लागली. माती मऊ होती, बीळ जुनं होतं. पिल्लं चार होती, मी आधी सांगितलं आहे. मी डोळे मिटून घेतले होते, पण कान मिटता येत नाहीत.

कुत्री गेल्यावरही मी किती वेळ तशीच बसले होते कोण जाणे. रिगझिननं मला तिथं शोधलं तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं. तो सरळ वाटेनं आला होता. आता लपवायचं कुणापासून? त्यानं बिळाकडं पाहिलं, मग दगडापाशी वाकून हुंगलं, मग माझी रिकामी बाटली उचलली.

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

"तीन."

"याच वाटेनं?"

मी हो म्हटलं. तो रागावेल म्हणून मी वाट बघत होते, रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं तिथलं जे काही उरलं होतं ते दगडांखाली झाकलं आणि मला तंबूपर्यंत आणलं. मग शुक्पाच्या डहाळ्या पेटवल्या आणि माझे दोन्ही हात मनगटाला धरून धुरात ठेवले. मग बूट काढायला सांगितले, तेही धरले. मला रडू फुटलं. आता याचा काय उपयोग, मी म्हटलं.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "पलीकडच्या खोऱ्यात. तिलाही पिल्लं आहेत. कुठं ते मी तुम्हाला सांगणार नाही."

त्यानं ते कधीच सांगितलं नाही. मी आणखी तीन उन्हाळे त्याच्याबरोबर काम केलं. त्यानं मला त्या मुलखातलं सगळं शिकवलं, पण त्या खोऱ्याकडं आम्ही एकदाही गेलो नाही. अहवालात मी लिहिलं, "भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात मादी व चार पिल्ले दगावली." खोटं त्यात काहीच नव्हतं. बांगड्यांचं लिहिलं नाही. मी काय केलं आणि काय केलं नाही हे रिगझिनखेरीज कुणाला ठाऊक नाही, आणि त्याला जाऊनही आता चार वर्षं झाली. मला त्या गोष्टीची लाज वाटायची, अजून वाटते.

त्या सहा फोटोंतला तिसरा फार गाजला. मासिकांत आला, संस्थेच्या भिंतीवर गेला. मोठी चौकट करून मी एक आईला दिला, नको म्हणायला तोंड नव्हतं म्हणून. तो मालवणच्या घरी ओटीवर लावलेला आहे, येणाराजाणारा आधी त्याच्याकडंच बघतो. गेल्या मे महिन्यात मी गेले होते तेव्हा शेजारच्या खोबरेकर काकू आल्या होत्या. आईनं पेज वाढली. माझ्या ताटलीत बांगडा ठेवायला ती हल्ली विसरते असं दाखवते, एकोणीस वर्षं मी तो बाजूला सारते म्हणून. का, ते तिनं पहिली काही वर्षं विचारलं, मग सोडून दिलं.

काकू फोटोपाशी उभ्या राहिल्या. केवढे डोळे, म्हणाल्या.

"माझ्या बांगड्याच्या वासार इलां तां," आईनं अभिमानानं सांगितलं. हे ती गावभर सांगते. "आणि बघ, कसां टक लावन बघतां माझ्या चेडवाक."

काकू माझ्याकडं वळून हसल्या. आईनंही वळून पाहिलं. तिला एकदम काहीतरी सुचल्यासारखं झालं, इतक्या वर्षांत विचारायचं राहून गेलेलं.

"इतक्या जवळ जनावर," ती म्हणाली. "तू हललंस नाय?"

मी पेजेची वाटी खाली ठेवली.

"नाय गो," मी म्हटलं. "हललंय नाय."